डबा वाजला की बाहेर यायचं

आबा,

परवा मी आपल्या वस्तीवर जाऊन आले. तुम्ही गेलात त्यानंतर पहिल्यांदाच. आल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलते आहे, भाकरी थापताना, पाणी भरताना, आणि ते बोलणं काही संपत नाही. म्हणून आज लिहायला बसले. ह्यांच्या कंपनीतून दर वर्षी मिळायची ती मोठी कॅलेंडरं मी अजून टाकलेली नाहीत. कागद जाड आहे आणि मागची बाजू कोरी. पुढच्या बाजूला यंत्रांची चित्रं आहेत, ती ह्यांना नावानिशी ठाऊक होती. हे गेल्यापासून घरात यंत्रांबद्दल कुणी बोलत नाही. कारेगावातली आमची खोली तीच आहे. खालून कंपनीच्या बस जातात, शिफ्ट सुटली की गल्ली दुचाक्यांनी भरून जाते, आणि तेवढ्या गोंगाटातही मला मधूनच डबा ऐकू येतो. तेलाचा रिकामा डबा, त्यावर काठी. तुम्ही वाजवलात तो.

तुम्ही गावचे कोतवाल होता. चावडीत कागद आला की त्यातलं गावात ओरडून सांगायचं तुमचं काम. इतर गावांतल्या कोतवालांच्या गळ्यात हलगी असायची, तुमच्या नव्हती. धम्म घेतला तेव्हा तुमच्या वडिलांनी वस्तीतल्या सगळ्या हलग्या गोळा करून भीमेत सोडल्या होत्या. वाटेवरच्या माणसाच्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून, कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीत, बोलावतील तेव्हा वाजवत जायचं, ते सगळं त्या हलग्यांबरोबर गेलं. तेव्हापासून आपल्या वस्तीत कुणी चामडं वाजवलं नाही. तुम्ही नुसत्या गळ्यानं दवंडी द्यायचात. गळा तुमचा होताच तसा, नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातली माणसंसुद्धा वळून बघायची.

कागद मात्र तुम्हाला वाचता येत नव्हता. माझी शाळा चौथीत सुटली होती, पण अक्षर दिसलं की वाचायचं, ही खोड सुटली नव्हती. वाण्याकडून साखर आली की आई पुडी सोडवायची आणि मी कागद घेऊन कोपऱ्यात बसायची. गोष्टीची निम्मी पानंच मिळायची, उरलेली मी मनानं पुरी करायची. तुम्ही चुलीपुढं माझ्यासमोर चावडीतला कागद धरायचात, मी वाचायची, तुम्ही डोळे मिटून दोनदा ऐकायचात आणि सगळं पाठ म्हणत बाहेर पडायचात. एकदा कागदात होतं, ‘धरणातून विसर्ग वाढवण्यात येत आहे.’ तुम्ही विचारलंत, “विसर्ग म्हंजी काय गं?” मला शाळेतलं व्याकरण तेवढं ठाऊक. मी म्हणाले, “अक्षराम्होरं दोन टिंबं देत्यात आबा. दुःख लिवताना देत्यात बघा, तो विसर्ग.” तुम्ही बराच वेळ विचार करत बसलात. मग म्हणालात, “आन् धरणातनं टिंबं कशापायी सोडत्याल?” आईला हसून हसून ठसका लागला. पण बाहेर जाऊन ओरडलात ते बरोबर ओरडलात, “पाणी सोडनार हायेत वं, जनावरं वर घ्या!”

मला तुम्ही एकदाच मारलंत. मी लहान होते, रॉकेलचा डबा पालथा घालून त्यावर बडवत बसले होते, दोनचार बाया काय झालं म्हणून दारात आल्या. तुम्ही काठी काढून घेतलीत आणि पाठीत एक धपाटा घातलात. “आवाज म्हंजी खेळणं न्हाई. लोकं आवाजावर इस्वास ठेवत्यात. एका आवाजाचा एकच अर्थ पायजे, कळलं का?” मला काहीच कळलं नव्हतं. मी रडत आईकडं गेले आणि तिनं मला गूळ दिला.

माझं लग्न झालं, मी कारेगावला आले, आणि मधल्या वर्षांत आपल्या सगळ्या मुलखात ऊस वाढला आणि उसात बिबट्या आला. आधी कुत्री जायला लागली, मग शेळ्या, मग माणसं दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर पाय टाकेनात. तेव्हा डब्याला अर्थ मिळाला. कुणाला चाहूल लागली की तो डबा बडवायचा, ऐकेल त्यानं आपलं जनावर आत ओढायचं, पोरं आत घ्यायची, दाराला कडी घालायची. कारेगाव, न्हावरा, पार नदीपर्यंत, सगळीकडं तेच. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. आपोआप झालं आणि लहान लेकरालाही पाठ झालं.

पुराच्या त्या वर्षी वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथ वाचायला मी माहेरी आले होते. ते दिवस मी पुन्हा पुन्हा बघते, आणि दर वेळी आभाळ निळंच असतं. पाऊस नव्हता आबा. वर डोंगरात पडत होता, धरणं भरली होती, वरून भीमा आणि तिला मिळणारी नदी, दोन्ही फुगून संगमाला येत होत्या, आणि आपल्याकडं बाया उन्हात गोधड्या वाळत घालत होत्या. ऊन पडलेलं असताना पूर येतो हे कुणाच्या मनाला पटेना. तुम्ही दोन दिवस ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. बोललात की नुसती हवा यायची. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तलाठ्याचा निरोप आला, खालची वस्ती आत्ताच्या आत्ता रिकामी करा. वीज गेलेली, देवळावरचा भोंगा बंद. आपण दोघं देवळापुढं उभे होतो. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं खुंटीवरची जत्रेची हलगी काढली आणि तुमच्यापुढं धरली. “घे कोतवाला. हिचाच आवाज खालपतुर जाईल.”

तुम्ही हलगीकडं बघितलंत. मग त्याच्याकडं बघितलंत. आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवरचा तेलाचा रिकामा डबा उचललात.

वरच्या बाजूची घरं आपण दारं बडवून रिकामी केली. तुम्ही डबा वाजवत पुढं, मी ओरडत मागं. पण नदीकडच्या ओळीला आधी नुसता डबा ऐकू गेला. तुमचा घसा धड असता तर डब्यामागून शब्दही गेले असते. त्यांनी नुसता डबा ऐकला आणि जे करायचं तेच केलं. शेरडं आत ओढली, पोरं आत घेतली, कड्या घातल्या. आपण तिथं पोचलो तोवर गल्लीत पाणी आलं होतं आणि ओळीतलं एकही दार उघडं नव्हतं. गड्यांनी पाण्यातून जाऊन दारं फोडली, माणसं काढली. शेवटच्या घरापर्यंत मात्र कुणाला जाता आलं नाही. तिथं नानी होती, माझ्या मैत्रिणीची आई. जिच्या परसात माझं निम्मं लहानपण गेलं, जिनं मला पोहायला शिकवलं, ती. सकाळी पाणी उतरलं तेव्हा नानीचं दार तसंच होतं, आतून कडी घातलेलं. मागची भिंत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती शाळेत. तुम्ही पोरांना खिचडी वाढत होता. माझी मैत्रीण सासरहून धावत आली, केस सुटलेले, पाय चिखलानं भरलेले, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, माझ्याकडं बघून म्हणाली, तुमच्याकडं नाही, “तुझ्या बापाला हलगीची लाज वाटली. आन् माझी आई गेली.” पळी तुमच्या हातात तशीच राहिली. पुढच्या पोरानं ताट वर धरलेलं होतं, ते त्यानं हळूच खाली घेतलं.

तुम्ही कोतवालकी सोडलीत. आई आधीच गेली होती, म्हणून तुम्ही माझ्याकडं राहायला आलात. गळा बरा झाला, पण तुम्ही पुन्हा कधी मोठ्यानं बोलला नाहीत. शिफ्टचा भोंगा झाला की दचकून उठायचात. ह्यांनी एकदा जेवताना सरळ विचारलं, त्यांना आडवळणानं बोलायला यायचं नाही, “मामा, तो म्हातारा हलगी धरून हुबा व्हता ना? मग त्याला हात नव्हतं का? त्यानं सोता का न्हाई वाजवली?” तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. हा प्रश्न गावात कुणीच विचारला नव्हता, आपल्या वस्तीनंसुद्धा नाही, मीही नाही. ह्यांनी विचारला, यंत्रातला खिळा कुठं निसटला ते विचारावं तसा. नंतर, तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मी भाकरी करत होते आणि तुम्ही ओट्याला पाठ टेकून बसला होता, तेव्हा तुम्ही विचारलंत, “हलगी घ्यायला पायजे व्हती का गं?” मी म्हणाले, “न्हाई आबा.” भाकरी उलटता उलटताच म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. पुन्हा तो विषय निघाला नाही, आणि मग तुम्हीच गेलात.

ह्या श्रावणानंतर एक दिवस फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“वळाकलंस का?”

मी म्हणाले, “आवाजावरनं वळाकलं.” नानीच्या लेकीचाच आवाज तो.

“वर्षावासाची सांगता हाय. गरंथ वाचायला ये.”

“तुमच्यात वाचणारं कुणी न्हाई का?”

“हायेत की लई शिकल्याली. मोबाईलवर लावून देत्यात आन् सोता भाईर गप्पा हानत बसत्यात. आमी काय मोबाईलला साधू साधू म्हनायचं?” मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, “ये. मला बोलायचं बी हाय.”

आबा, त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. हे असते तर म्हणाले असते, जायचं तर जा, नाही तर नाही, पण घरात अशी फिरू नकोस. तिला काय बोलायचं असणार, हे मी हजार तऱ्हेनं जुळवून बघितलं. तुमच्या बाजूनं काय म्हणायचं तेही जुळवलं. ह्यांचा तो हातांचा प्रश्न पुन्हा पुन्हा घोकला. एवढ्या वर्षांत तुमची बाजू धरणारी मी एकटीच उरले आहे, आणि मी तिथं गप्प बसले तर तुम्ही कायमचे तसेच राहणार, शाळेत, पळी हातात घेऊन.

शिरूरहून एसटी धरली. न्हावरा मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या कडेला वनखात्याचे फलक, बिबट्याचा वावर आहे, सावध राहा. उतरून वर माळावर चालत गेले. वस्ती आता तिथं आहे. खालून वर आणली. तुम्ही गेलात तेव्हा पत्र्याच्या शेडी होत्या, आता सिमेंटची घरं आहेत, एका साच्यातून काढल्यासारखी, पण प्रत्येकानं वेगळा रंग दिला आहे, त्यामुळं लांबून दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी वस्ती दिसते. नळ आहेत. लिंबं मोठी झाली आहेत. कंपनीचा गणवेश घातलेल्या दोन पोरी रांजणगावच्या बसची वाट बघत उभ्या होत्या. काही घरांत भाडेकरू आहेत, बिहारकडचे. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली, त्यामुळं पूर्वीचे शेजारी विखुरले, पण बाया अजून कालवणाची वाटी घेऊन तीन गल्ल्या ओलांडून आपल्या जुन्या शेजारणीकडंच जातात. इथून नदी दिसत नाही. तरी अमका कुठला असं विचारलं तर म्हणतात, ‘नदीकडच्या ओळीतला.’ ती ओळ आता कुठंच नाही. फक्त माणसं त्या ओळीतली आहेत.

मैत्रीण दारात उभी होती. गुडघ्यांनी बेजार, केस पांढरे. नवऱ्याचं घर सोडून ती कधीच इथं आईच्या नावावर मिळालेल्या घरात आली होती. “किती वाळलीस,” म्हणाली. मी उत्तर द्यायच्या आधी माझी नजर तिच्या दाराशेजारी गेली. भिंतीत खिळा, खिळ्याला तेलाचा डबा टांगलेला, लाल रंग दिलेला. शेजारी दोरीनं बांधलेली काठी. बिबट्यासाठी ठेवला आहे, मला वाटलं. एवढं होऊनही, हिच्याच दाराला. मला टोचावा म्हणून आजच टांगलाय का, असंही वाटून गेलं, पण रंग जुना होता, उन्हानं फिकटलेला.

ती म्हणाली, “बस. दूध आनते, कोरा च्या तुला चालत न्हाई,” आणि गेली. एवढ्या वर्षांनी माझा चहा तिच्या लक्षात होता. मी आत सतरंजीवर बसले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली नानीचा फोटो, कुठल्या तरी लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात. मी त्या हाताकडं बघत होते.

तेवढ्यात डबा वाजला.

दुपार होती, लख्ख ऊन होतं. बाहेरून बायांचे आवाज, पोरांची पळापळ. आबा, मी काही विचार केला असं म्हणणार नाही. मी उठले आणि दार लावलं. कडी गंजलेली होती, वर्षानुवर्षं न वापरलेली, ती बसेना, मी दोन्ही हातांनी जोर लावून बसवली. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाहेर डबा वाजतच होता. वस्तीतले आवाज लांब लांब गेले, आणि मग डबा आणि मी, एवढंच राहिलं. समोर नानीचा फोटो. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी कुणाच्या घरात उभी आहे आणि काय केलं आहे. मी कडी काढायला गेले. कडी निघेना.

“उघड! अगं ए! भाईर ये, उघड!” मैत्रीण दार बडवत होती. दोन्ही हातांनी, मग कशानं तरी. माझी बोटं सोलली तरी कडी हलेना. तिनं बाहेरून खांदा दिला तेव्हा कुठं ती सुटली. दार उघडलं तर तिच्या पायाशी दुधाची पिशवी फुटलेली आणि ती पांढरीफटक. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत वर शाळेकडं नेलं. तिचे गुडघे तेव्हा कुठं होते कुणास ठाऊक.

शाळेच्या पटांगणात सगळी वस्ती. म्हातारी माणसं, पोरं, शेळ्या, एकीच्या हातात कणकेचा गोळा तसाच. आणि मागून, डबा हातात घेऊन, भेदरलेली एक भाडेकरू बाई आली. नवीनच राहायला आलेली. तिच्या घरावर वानर आलं होतं, त्याला हाकलायला तिनं डबा वाजवला. बघते तर सगळी वस्ती घरं सोडून पळते आहे, म्हणून तीही पळाली, डबा वाजवत वाजवत.

एक म्हातारा म्हणाला, “बाई, वानर पळालं का न्हाई ठावं न्हाई, पर आमाला पळवलंस बग!” सगळे हसायला लागले. कणीकवाली म्हणाली, “तरी म्हनलं, एवढ्या उनाचं पानी सोडायला धरनवाल्यास्नी येड लागलंय का काय!” मग तिचंच हसू थांबलं, कारण तेव्हाही ऊनच होतं.

मैत्रीण त्या बाईपाशी गेली. ओरडली नाही. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, “डब्बा नहीं बजाने का. बंदर को पत्थर मारो, शिट्टी मारो. इधर डब्बा मतलब पानी. डब्बा बजा, सब घर छोडके उपर.”

ती बाई म्हणाली, “और तेंदुआ आए तो?”

“बिबट्या? तो फटाका. घर घर में फटाका है. तेरे को भी देती मैं.”

“हमको तो किसी ने बताया ही नहीं, अम्मा.”

मैत्रीण म्हणाली, “हां. वो हमारा गलती. बताने को होना था.” आणि तिच्या हातातला डबा घेऊन कडेला ठेवला.

मग ती माझ्याकडं वळली. आम्ही दोघी शाळेच्या पायरीवर बसलो. “कडी का घातलीस?” मी म्हणाले, “आमच्यात डबा म्हंजी बिबट्या.” ती म्हणाली, “आईला बी तसंच वाटलं आसंल. मी लई येळा इचार केला, ती आत कशी हुबी आसंल. आज दार बडवताना वाटलं, आतमंदी तीच हाय.”

माझं घोकलेलं सगळं मी विसरले होते. तीच बोलत होती. म्हणाली, माळावर आल्यावर वरच्या आळीची माणसं हलगी घेऊन आली, वस्तीला एक असू द्या म्हणून. “मी न्हाई म्हनलं. हलगी आली की ती कुनी वाजवायची, हितनं सुरू. तवर पानी घरात. डबा कुनी बी वाजवतंय. पोर वाजवतंय, म्हातारं वाजवतंय, ही बिहारीन बी वाजवती.” मग ती घरोघर फिरली होती. डबा हातात घेऊन, एकेका दारात वाजवून, एकेकाकडून बोलवून घेतलं होतं, डबा वाजला की बाहेर यायचं. पोरांना खेळातसुद्धा वाजवू देत नाहीत. वाजवला तर धपाटा. मी ते ऐकलं आणि माझ्या पाठीला तुमचा हात आठवला.

“पर एक आयक,” ती म्हणाली. “तुझ्या बापाला मी माफ केलंय आसं समजू नगंस. माझं मन आजून बी म्हनतं, तवा घेतली आसती हलगी तर. त्येच सांगायला तुला बोलीवलं. मागं लोकांम्होरं बोलले, तुझ्या तोंडाकडं बगून, ती रीत न्हवती. आता एकटीला सांगते. माफ न्हाई केलं. पर डबा माझ्याच दाराला हाय, आन् मी हाय तवर तितंच ऱ्हाईल.”

मी ह्यांचा प्रश्न तिला विचारला. त्या म्हाताऱ्याला हात नव्हते का? ती हसली, पहिल्यांदाच. “तुझा दादला हुशार व्हता. मला ह्ये सुचायला लई वर्सं लागली.”

संध्याकाळी नव्या विहारात मी ग्रंथ वाचला. वस्ती पुढं बसली होती, ती बिहारी बाईही दाराशी येऊन बसली. मधेच एका मोबाईलवर निरोप वाजला, सगळ्यांनी माना वळवल्या. एका पोरीनं वाचून सांगितलं, वरच्या धरणातून विसर्ग कमी केला. सगळे सैल झाले. मला टिंबं आठवली. मी वाचताना अडखळले आणि बायांना वाटलं चष्मा बदलायला झाला. निघताना मैत्रिणीनं मला दुसऱ्या वाटेनं आणलं, खालून, जुन्या वस्तीवरून. तिथं आता वेडी बाभूळ आहे आणि तिच्यातून जोती दिसतात. जुन्या विहाराची एक भिंत उभी आहे, तिच्यावर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर. शेवटचं जोतं आलं तेव्हा ती थांबली नाही, मीही थांबले नाही. चालता चालता तिनं फक्त पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि पुढं गेल्यावर घातली.

हे सगळं तुम्हाला कळावं असं वाटलं. तुमचा आवाज तिथं आहे आबा, आणि आता त्याचा अर्थ एकच आहे. हा कागद कुठं पाठवायचा नाही. वाचून दाखवायचं काम माझंच होतं आणि ऐकणारे तुम्ही नाही. घडी करून पिठाच्या डब्याखाली घालीन.

एक मात्र तिलाही सांगितलं नाही. कडी निघत नव्हती, बाहेर ती दार बडवत होती, समोर नानी होती, तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, “का न्हाई घेतली हलगी, आबा?” तिनं ऐकलं असेल की नाही, ठाऊक नाही. तिनं विचारलं नाही. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी भाकरी उलटत होते, तुमच्याकडं बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर ‘न्हाई’ एवढ्या लवकर म्हणता आलं नसतं.